डावीकडचा स्पीकर

डावीकडचा स्पीकर मुका आहे हे मला पहिल्या गाण्यातच कळलं आणि माझं डोकं फिरलं.

जुने, जड, लाकडी खोक्यांचे स्पीकर होते ते. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर, त्यामुळे वेगळा डबा लागत नाही. भिंतीतल्या बोर्डात प्लग घालायचा, मोबाइलची वायर जोडायची, की सुरू. असे स्पीकर मला कित्येक वर्षं हवे होते. मोबाइलवर जाहिरात दिसली आणि विकणारे काका आपल्या सोलापुरातलेच निघाले. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद झाला तरी हे रोज स्पीकरवर फडकं फिरवत होते. देताना म्हणाले, "लई जपलंय ओ मी यांना. तुमी बी जपा की."

रिक्षातून पोराबाळासारखे मांडीशी धरून आणले. घुंगरू आणि झांजा भरपूर असलेलं जुनं गाणं लावलं. उजवा स्पीकर असा खणखणीत, की अंगावर काटा आला. डावा मात्र चादर पांघरून गात होता. ढोलकीचा धप्प आवाज तेवढा येत होता, घुंगरांचा पत्ता नाही.

आता माझ्या कानाबद्दल सांगायला हवं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. शेडमध्ये सगळे माग एकदम धडधडत असतात. शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, आम्ही हातवाऱ्यांनीच बोलतो. त्या गदारोळात कुठल्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, अडखळतोय हे मी चालता चालता सांगतो. मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देताना हुद्दा सांगत नाहीत, कान सांगतात. मध्यंतरी माग कमी केले तेव्हा बरेच जॉबर घरी गेले, मी राहिलो तो या कानामुळेच. माझी भाकरी त्याच्यावर आहे आणि खरं सांगायचं तर माझा माजही.

असा कान असलेल्या माणसाला फसवतो म्हणजे काय! मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला.

"काका, डावा स्पीकर बाद हाय. तुमाला ठाऊक हुतं का न्हाय?"

"सकाळीच वाजवून बघितलाय ओ. दोनी चांगले हुते."

"मग मी खोटं बोलतोय व्हय?"

मी फोन ठेवला आणि कामाला लागलो.

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. माग बिघडला की वाद घालत बसायचं नाही. त्याचा धोटा शेजारच्या मागावर घालायचा आणि शेजारचा इकडे. दोष धोट्याबरोबर गेला तर धोटा खराब, जागेवर राहिला तर माग खराब. मी स्पीकरांची अदलाबदल केली आणि गाणं पुन्हा लावलं.

डावीकडचाच मुका! मघाशी खणखणीत वाजणारा डावीकडे येताच चादर पांघरून बसला होता आणि मघाचा मुका उजवीकडे छान गात होता. मी हबकलोच. वायरी बदलल्या, पिना उलटसुलट केल्या, तरी तेच. म्हणजे रीतीप्रमाणे जागा खराब. मग मी जागेच्या मागे लागलो. बोर्ड उघडून प्लगचे स्क्रू आवळले, स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून वीज घेतली, पडदा काढला, कपाट सरकवताना फरशीवर चरा पाडला. भुताटकी म्हणावी तर दिवसाढवळ्या.

बायको दारात येऊन उभी राहिली. "चांगलं वाजतंय की ओ. दोन्ही सारखेच."

"तुला कळतंय व्हय त्यातलं?" मी खेकसलो. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः स्कूटरवर आले. भांडणाच्या तयारीने आले असतील असं वाटलं, पण ते सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि अख्खं गाणं ऐकलं. मग म्हणाले, "दोनी ठणठणीत हायती."

मी संतापाने उठलो. आता यांच्यासमोरच स्पीकर खोलून दाखवतो म्हणून मागच्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घ्यायला वळलो. गाणं चालूच होतं. स्पीकरांकडे पाठ झाली आणि मी जागच्या जागी थिजलो. मुका स्पीकर गात होता. घुंगरू, झांजा, सगळं त्याच्यातून येत होतं, आणि खणखणीत होता तो मुका झाला होता.

तोंड फिरवलं, पुन्हा पहिल्यासारखं. पाठ केली, पुन्हा उलट. मी खोलीच्या मध्यभागी गरागरा फिरत होतो आणि काका माझ्याकडे बघत होते. दोष स्पीकरबरोबर जात नव्हता, जागेवरही राहत नव्हता. तो माझ्याबरोबर फिरत होता.

मी डाव्या कानात बोट घातलं. गाण्यात काही फरक पडला नाही. मग उजव्या कानात घातलं. घुंगरू गेले, झांजा गेल्या, गाणारीचा आवाजही विहिरीत पडल्यासारखा खोल गेला. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हाच तो कान, ज्याचा एवढा तोरा! शेडमध्ये मी मागांच्या दोन रांगांमधून जातो आणि त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे प्रत्येक माग एकदा तरी उजव्या कानाला लागतो. इतके दिवस निभावलं ते एवढ्यावरच.

"मागावर काम करताय न्हवं?" काका हळूच म्हणाले. "डॉक्टरला दाखवून घ्या."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? फोनवर जे बोललो होतो ते आठवून मान वर होईना. काकांनी दोन्ही स्पीकरांवरून एकदा हात फिरवला आणि ते गेले.

बायको चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. आता ती टोमणा मारणार आणि तो मला ऐकून घ्यावा लागणार, अशी माझी तयारी होती. पण तिचा चेहराच उतरला. ती कप हातात धरून खाली बसली.

"डावाच कान?"

"डावाच."

"मी गाडीवर तुमच्या मागं डाव्या अंगाला तोंड करून बसतीय की ओ."

मला काही कळेना.

"आदी मी लई बोलायची. बाजारातनं येताना, माहेरी जाताना, रस्ताभर. तुमी हूं नाही का चूं नाही. मला वाटलं, कंटाळला माज्या बोलण्याला. मग सोडलं मी गाडीवर बोलायचं."

मला वाटायचं, संसार जुना झाला, हिच्याकडे मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्याचं मला वाईटही वाटायचं, पण विचारायचं कसं म्हणून मीही गप्प गाडी चालवायचो. एका गाडीवर दोघं, एकमेकांवर रुसलेले, आणि कुणालाच कारण ठाऊक नाही.

"काय बोलायचीस गं?" मी विचारलं.

तिने बराच वेळ आठवून पाहिलं.

"आता कुटं ध्यानात हाय ओ ते," ती म्हणाली.