फळ्याकडची उत्तर

“उत्तर दिशा कुठं आहे?” साहेबांनी विचारलं आणि तिसरीच्या सतराही मुलांनी फळ्याकडे हात केले. मी खूश. साहेब मात्र हसले नाहीत.

साहेब म्हणजे आमचे विस्तार अधिकारी. ते वर्गतपासणीला येतात, मुलांना प्रश्न विचारतात आणि जाताना शेरेबुकात शेरा लिहितात. त्या दिवशी परिसर अभ्यास चालू होता. विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं तिसरीला या एकाच पुस्तकात असतं. माझा हातखंडा विषय. निदान माझा तसा समज होता.

साहेबांशेजारी शाळा समितीचा अध्यक्ष नागनाथ बसला होता. तो माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. मध्ये माझ्या चार ठिकाणी बदल्या झाल्या आणि फिरून मी याच शाळेत, याच खोलीत आले. आता त्याची सानिका माझ्या वर्गात होती. सकाळीच तो म्हणाला होता, “बाई, पुढच्या वर्षी सानिकाला सोलापूरला इंग्लिश शाळेत घालतोय. तिच्या वर्गातली, आमच्या गल्लीतली आनखी सात पोरं बी हायती. व्हॅन ठरवायलोय.”

आठ मुलं गेली की पट घटतो. पट घटला की एक शिक्षक जादा ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. शाळेत सगळ्यात शेवटी आलेली मीच.

“अध्यक्ष, तुम्ही सांगा उत्तर कुठं,” साहेब म्हणाले.

“ही की!” नागनाथनं फळ्याकडे बोट केलं. “आमाला बी बाईंनीच शिकवलंय.”

तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून साडेदहाची एसटी हॉर्न वाजवत गेली. सानिकानं हात वर केला.

“बाई, सोलापूर आपल्या उत्तरेला हाय न्हवं?”

“हो.”

“मग सोलापूरची एस्टी आमच्या पाठीमागं कुटं चाललीय?”

‘गप बस’ अगदी जिभेवर आलं होतं. नागनाथही लेकीवर डोळे वटारत होता. साहेबांनी मोबाइलवर होकायंत्र उघडून माझ्यासमोर धरलं. फळा दक्षिणेच्या भिंतीवर होता.

घोळ माझ्या लक्षात आला. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. मी जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर टांगायची आणि छडी आपटून म्हणायची, “वर उत्तर!” मुलांनी काय घेतलं, आणि हळूहळू मीही? नकाशा टांगतात ती भिंत म्हणजे उत्तर. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

“सानिका, तुझं बरोबर आहे,” मी म्हणाले. “बाईंचं चुकलं.”

असं वर्गात म्हणायची मला सवय नाही. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

मग सगळी वरात मैदानात. नकाशा मातीवर अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मी नागनाथला विचारलं, “उगवत कुठं?” त्यानं क्षणात हात केला. नकाशाची पूर्व तिकडे फिरवली आणि नकाशातलं सोलापूर बरोबर एसटीच्या रस्त्याकडे गेलं. पोरांनी उड्या मारल्या.

“अरे, उगवत एवढी पक्की ठाऊक, मग उत्तर कशी चुकलास?”

“रानात समदं कळतं बाई. वर्गात आलं की फळाच उत्तर.”

आता साहेब हसले. पण शेऱ्यात त्यांनी लिहायचं ते लिहिलंच: ‘नकाशा जमिनीवर ठेवून शिकवावा.’ खाली आणखी एक ओळ होती: ‘विद्यार्थिनी न भिता प्रश्न विचारते.’

जूनमध्ये शाळा उघडली. चौथीचा वर्गही माझ्याकडेच आला होता. पहिल्या बाकावर सानिका! गल्लीतली सातही जणं मागे बसलेली. मला इतका आनंद झाला की हजेरी घ्यायचीच विसरले. नागनाथ दारात उभा होता.

“व्हॅनचं काय झालं रे?”

“त्या इंग्लिश शाळेत जाऊन आलो बाई. म्याडमला इचारलं, उत्तर कुटं? त्यांनी बी फळाच दावला.”

“मग?”

“मग काय! उगवत दावली तरी चुकलं म्हनायला तयारच न्हाईत.”

नकाशा मी आता भिंतीला टांगत नाही, फरशीवर अंथरते. माझ्या जुन्या बॅचची मुलं आपापल्या गावी नीट पोचत असतील, ती एसटीच्या पाटीमुळे. त्यात माझं श्रेय काही नाही.