डोक्यातला नकाशा

नगराध्यक्ष मूळचे प्लंबर. शहराच्या कडेला उपनगर वसत होतं तेव्हा पहिली जलवाहिनी त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकली आणि त्या पाण्यावरच निवडून आले. लोक त्यांना नळमास्तर म्हणत. सहा निवडणुका, तीस वर्षं. विरोधकांनी जंग जंग पछाडलं. पण पाणी गेलं की विरोधकांच्या बायकासुद्धा मास्तरांनाच फोन लावत.

जमिनीखाली कोणता व्हॉल्व कुठे आहे, हे फक्त त्यांना ठाऊक. कचेरीत नकाशा होता, पण काम करताना खडक लागला की पाइप वळवला जायचा आणि ते नकाशात कुणी उतरवायचं नाही. सुरुवातीला वेळ नव्हता म्हणून. पुढे मास्तरांनाच ते नको होतं. खरं सांगायचं तर साऱ्या गावाचं आपल्यावाचून अडतं, हे सुख त्यांना सोडवत नव्हतं. पाणीखात्यात नवी आलेली अभियंता, पंचविशीची पोर, नकाशासाठी भुणभुण लावायची. "इथे आहे सगळं," कपाळावर बोट ठेवून ते म्हणायचे.

सत्तरी उलटली आणि ते डोकं दगा देऊ लागलं. एकदा प्रसूतिगृहाच्या रस्त्यावर पाइप फुटला. मास्तरांनी लाँड्रीसमोर काठी टेकवली. "खणा." काही निघालं नाही. मग चार पावलं पुढे, मग रस्त्यापलीकडे. तीन खड्डे झाले. शेवटी त्यांनी अंदाजाने बंद करायला लावलेला व्हॉल्व भलताच निघाला. प्रसूतिगृह दोन दिवस कोरडं राहिलं. एका ओल्या बाळंतिणीला रिक्षात घालून दुसरीकडे हलवावं लागलं.

चौकशीचा अहवाल आला. दोष त्या अभियंता पोरीचा: व्हॉल्वची माहिती करून घेतली नाही. पक्षाच्या माणसांनी तो मोठ्या हुशारीने लिहिला होता, कारण निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. मास्तरांनी फक्त सही करायची होती. तिची नोकरी जाणार होती.

घरी त्यांनी तो अहवाल बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

"माहिती घ्यायची कुणाकडून तिनं?" ती म्हणाली. "तुम्ही मला तरी कधी काही सांगितलंत?"

मास्तरांना राग आला. ते न जेवताच उठले. राग बायकोवर नाही, हे कळायला त्यांना सकाळ उजाडली.

नगरपालिकेच्या सभेत त्यांनी अहवाल बाजूला सारला. "जागा मी चुकीची दाखवली. मला आता आठवत नाही."

मुख्य लिपिकाने पेन थांबवलं. "साहेब, हे इतिवृत्तात जाईल."

"जाऊ दे. मी बोललो तसंच लिहा."

पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. उरलेले दोन महिने ते रोज सकाळी त्या पोरीबरोबर गल्ल्या फिरले. ते काठी टेकवत, ती खूण करून घेई. कितीतरी जागा बरोबर निघाल्या. शाळेमागच्या वळणावर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. आधीचे मास्तर असते तर त्यांनी काठी कुठेतरी टेकवलीच असती.

"इथलं गेलं, बाळ," ते म्हणाले.

"असू दे मास्तर. इथे आपण खणून बघू."

ते शाळेच्या पायरीवर बसले आणि भर रस्त्यात रडले. ती घाई न करता शेजारी थांबली.