सरांनी न प्यालेलं पाणी

सकाळी दूध तापायच्या आधी सर गॅलरीत यायचे, फोन डोळ्यांसमोर धरायचे आणि अंगठ्यानं खाली ओढायचे. पुन्हा ओढायचे, हापसा मारल्यासारखं. तुमच्याही शेजारी असं कोणीतरी असेलच. तो काय बघतो हे तुम्ही विचारलं नसेल. मी विचारलं.

"माझे उल्लेख बघतो, मावशी. आज दोन वाढले."

सर नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि पाण्यावर संशोधन करायचे. आमची दारं समोरासमोर. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. आपण लेख लिहायचा. दुसऱ्या शास्त्रज्ञानं त्याच्या लेखात आपल्या लेखाचं नाव घेतलं की झाला एक उल्लेख. जितके उल्लेख, तितका माणूस मोठा. लातूरचा एक मित्र यांचं नाव घ्यायचा, हे त्याचं घ्यायचे. हाताखालची पोरं दोघांचंही घ्यायची.

"म्हणजे ओटीतला झंपरपीस," मी म्हणाले. आमच्या गल्लीत एक हिरवा झंपरपीस किती वर्षं ओटीतून फिरतो. शिवत कोणीच नाही. एकदा तो माझ्याच हळदीच्या डागासकट माझ्या पदरात परत आला.

सर हसले. "तसंच समजा."

तसा माणूस अडीअडचणीला कामाला यायचा. माझं सिलिंडर वर चढवून द्यायचा. तापात मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. ते मी नाकारत नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम माहूरकडच्या एका खेड्यात दिलेली. सरांना खेड्यातलं पाणी तपासायचं होतं, तर ते तिच्याकडं गेले. तिच्या दारातल्या हापशाचं पाणी बाटल्यांत भरलं, घरातल्यांच्या दातांचे फोटो काढले, वर दोन कप चहा प्याले.

पुढच्या वर्षी पुन्हा निघाले. मीही गाडीत बसले. कुसुमनं तांब्या पुढं केला, तर सरांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. चहालाही नको म्हणाले.

आमच्याकडं दारी आलेल्यानं पाणी नाकारलं म्हणजे घर नाकारलं. कुसुमचं तोंड एवढंसं झालं.

"आमच्या घरचं चालत न्हाई का वो सर? तांब्या घासलेला हाय."

"तसं नाही हो, ताई."

"लई ग्वाड पाणी हाय. हे बघा, मी पिऊन राहिले." आणि तिनं तांब्या तोंडाला लावला. शेवटच्या घोटापर्यंत प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

सर बघत होते. मग खाली बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागले.

येताना मी गाडीत बोलले, "असा अपमान करू नये." सर म्हणाले, "माझं पोट नाजूक आहे, मावशी."

नंतर एक दिवस पेढे घेऊन आले. "त्या लेखाचे शंभर उल्लेख झाले." फोनवर लेख दाखवला. मधोमध दातांचा फोटो, तपकिरी पट्ट्यांचे दात, एक पुढचा तुटका.

"हे तर कुसुमच्या नातीचे दात."

"ओळखलंत? नाव दिलेलं नाही, तसा नियम असतो."

"असे कशानं झाले?"

"पाण्यानं. फ्लोराईड फार आहे त्यात. आधी दात जातात, मग हाडं धरतात."

"कधीपासून माहीत हाय तुम्हाला?"

"पहिल्याच खेपेच्या बाटल्यांत निघालं."

"मग तिला सांगितलं का न्हाई?"

सरांना खरंच कळेना मी काय विचारते. "लिहिलंय की, मावशी. अगदी स्पष्ट लिहिलंय."

"इंग्रजीत?"

"हो, मग?"

पेढा तोंडात होता. मी मोरीत जाऊन थुंकले आणि चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी माहूरची एसटी धरली. कुसुमला सांगितलं, हे पाणी पिऊ नको, पोरीला देऊ नको. तिनं हातातला तांब्या मोरीत ओतला. मग म्हणाली, "मी प्याले तवा त्यो बघत व्हता की गं."

फाटकाला लावून उरलेला लाल रंग तिच्या घरात होता. कोणी पिऊ नये म्हणून आम्ही दोघींनी तो हापशाला फासला. आता तिच्या घरचे लांबच्या विहिरीवरून पाणी आणतात.

सर मध्ये तिकडं जाऊन आले. कुसुमचा फोन आला, "तुझा सर लाल हापशाचा फोटू काढून गेला." तोही कुठंतरी छापला असेल. कोणीतरी त्याचं नाव घेतलं असेल.

आता सर मोठ्या जागेवर पुण्याला गेले. समोरच्या गॅलरीत दुसऱ्यांची धुणी वाळतात. जाताना पाया पडायला आले होते, मी दार उघडलं नाही.

कुसुम आता जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकते. त्या दिवसाचा विषय निघाला की म्हणते, "आक्का, मला वाटलं, त्याला आपलं घर हलकं वाटलं."

तेवढंच असतं तर मी दार उघडून त्याला चहाही पाजला असता.