कारखान्याच्या दारातला फोटो

पेणच्या त्या गणपती कारखान्यातली मूर्ती आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. मी तेव्हा पेण पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एक सिनेमा प्रदर्शनाआधीच मोबाइलवरच्या एका बंद ग्रुपमध्ये फिरत होता. मुंबईत गुन्हा दाखल होता. तिथून आम्हाला फोन आला. शेवटच्या प्रसंगातला नायकाचा वेश कुठल्याच पोस्टरवर नव्हता, पण पेणच्या एका कारखान्याने गिऱ्हाइकांना पाठवलेल्या फोटोत गणपतीच्या अंगावर नेमका तोच वेश होता.

मूर्तिकाराला ठाण्यात आणलं. तिशीचा माणूस, बोटांना रंग.

"हा वेश कुठे बघितलास?"

"पोस्टरवर."

"दाखव पोस्टर."

खिशातला मोबाइल टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, मला आत टाका, पण ग्रुपचं विचारू नका. ते कोण हायत मला माहीत नाय. मी कोण ते त्यांना माहीत हाय. घरासमोर आधार कार्ड धरून काढलेला फोटो दिल्याबिगर ते ग्रुपमध्ये घेतच नायत."

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबरवरून त्याच्या बायकोचा फोटो आला होता. ती डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी होती. खाली लिहिलं होतं, 'बायको डबा घेऊन आलीय. तू ठाण्यात काय बोलतोयस?'

नोकरीत मी तलवारी पाहिल्या होत्या, पण तेव्हा मी आधी घरी फोन लावला. माझ्याही घरी बायको-मुलगी होती. समोरच्या टपरीवर चहा पिणारा प्रत्येकजण मला त्या ग्रुपमधला वाटू लागला.

महिला हवालदाराने त्याच्या बायकोला ठाण्यात आणलं. "घाबरू नको गो, पाणी पी आधी." मी फोटो पुन्हा पाहिला. बाईचं तोंड समोर होतं, पाठीमागे रस्ता. म्हणजे फोटो काढणारा कारखान्याच्या आत होता.

"डबा घेऊन गेलात तेव्हा आत कोण होतं?"

"कोण नाय. सगळे जेवायला गेलेले. माझा भाऊ तेवढा होता."

हा भाऊ रोह्याचा. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून सीझनला मूर्ती रंगवायला यायचा. त्याला रोह्याच्या घरून ताब्यात घेतलं, पंचनामा करून मोबाइल जप्त केला. मेहुण्याला, म्हणजे मूर्तिकाराला, ग्रुपमध्ये त्यानेच घेतलं होतं; पण ग्रुप चालवणारे कोण, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"सख्ख्या बहिणीचा फोटो पाठवलास?"

"नसता पाठवला तर माझ्या पोरीचा टाकणार होते. माझंबी घर त्यांच्याकडं हाय, साहेब."

त्याच्या मोबाइलवरून ग्रुप चालवणारे दोघे परराज्यात सापडले. पण ग्रुप लगेच दुसऱ्या नावाने सुरू झाला.

चोरीचा माल सापडला की मालकाची सही घेऊन तो परत देण्याची आमची पद्धत आहे. या गुन्ह्यात परत देण्यासारखं काहीच नव्हतं, हे मला जबाब घेताना कळलं. मूर्तिकाराच्या बायकोचा तो फोटो इतरांना धाक म्हणून ग्रुपवरही टाकला होता, आणि ग्रुपचे सदस्य सातशेच्या वर होते. जबाबावर सही करून ती म्हणाली, "साहेब, माझा तो फोटो आता कुणाकुणाकडं हाय?"

आदल्याच दिवशी निर्मात्याच्या माणसाने मला सिनेमाबद्दल हेच विचारलं होतं. त्याला मी 'सांगता येणार नाही' म्हणून मोकळा झालो होतो. तिला मात्र तेवढंही सांगण्याऐवजी मी सही झालेला जबाब पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.