आत्याची सुधारलेली मुलाखत

उल्हासनगरच्या कॉलेजात मी इतिहासाच्या मुलांना मुलाखत कशी घ्यावी ते शिकवते. माणूस बोलला तसंच उतरवा, रेकॉर्डिंग जपून ठेवा, हे दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. माझ्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं. पण तेव्हा मला अक्कल जरा जास्तच होती.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी आत्याला बोलतं केलं होतं. अंबरनाथच्या पलीकडे आमचं आगरी गाव. तिथली शेतं कारखान्यांत गेली, त्यावर माझा प्रबंध. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बोलायची. एकेका शेताचं नाव घेऊन तिथं कोण कोण राबायचं ते सांगायची, मधेच कोंबड्या हाकलायची, मधेच बराच वेळ गप्प बसायची. सलग दोन दुपारी माझा फोन तिच्यापुढे सुरू होता.

घरी येऊन मी ते सगळं 'नीट' केलं. 'व्हता'चं 'होतं' केलं, 'नाय'चं 'नाही'. गप्प बसणं काढलं, कोंबड्या काढल्या. खरं कारण एकच, मला आमच्या बोलीची लाज वाटत होती. परीक्षक हसतील, ही धास्ती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या टायपिंगवाल्या सिंधी काकांनी पानं काढता काढता विचारलं, "बेटा, ये तेरी बुआ बोली? एकदम किताब जैसा बोलती है!" मी चक्क खूश झाले. प्रबंध जमा झाला, आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

गेल्या वर्षी आत्या गेली. दिवसकार्य आटोपल्यावर तिची मुलगी बदलापूरला माझ्या घरी आली. तिच्याकडे आईचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता.

"ताय, तुज्याकरं हाय ना? तू फोनान भरलेलास."

मी खरं ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बरा, लिवलेला तरी दे."

मी प्रबंध काढून दिला. तिने बोट ठेवून दोन पानं वाचली आणि तो माझ्याकडे सरकवला. "याच्यात आय कुठं हाय? तूच वाच. ती बोलाची तसा वाच."

मी पहिलं वाक्य घेतलं. वर्गात बोलते तसंच तोंडातून निघालं. पुन्हा घेतलं. आत्याचे नेमके शब्द कोणते होते ते आठवेना, म्हणून 'होतं'चं पुन्हा 'व्हता' करत अडखळत वाचू लागले. आपण आत्याची नक्कल करतोय हे माझं मलाच ऐकू आलं आणि रडू फुटलं.

बहिणीने माझ्या हातातून प्रबंध काढून घेतला. "रावदे ताय," ती म्हणाली, "तुला नाय जमाचा आता."