रेडिओचं लायसन आणि आंजीची चूल

आंजीहून, म्हणजे सासरच्या गावाहून, आम्ही निघालो तेव्हा बैलगाडीत सगळ्यांत मानाची जागा रेडिओला मिळाली. तो गोधडीत गुंडाळून गादीवर, आणि मी आपली कडेला, गाडी धरून. ह्यांना हिंगणघाटच्या शाळेत मास्तरकी लागली होती. धाकट्या जाऊबाई सुमन, तू आता भाऊजींबरोबर नागपूरला निघालीस आणि सासूबाईंना काय वाटेल म्हणून धास्तावलीस, तेव्हा ही हकीकत तुला सांगायलाच हवी.

रेडिओ सासूबाईंनीच दिला. म्हणाल्या, "माह्या पोराले तिथं करमणार नाई, घेऊन जा. पण वेगळे निघू नका बाप्पा, चूल एकच ठेवजा."

चूल एक म्हणजे घर एक. ज्वारी आंजीची, डाळ आंजीची, सणवार आंजीत. रेडिओचं लायसन मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर, आंजीच्या पत्त्याचं, त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. एका घराला एक लायसन लागतं एवढं ठाऊक होतं, आणि घर तर आमचं एकच!

एका दुपारी लायसन तपासणारे साहेब दारात उभे. मी बेधडक सांगितलं, आमची चूल वेगळी नाही, लायसन आंजीला आहे. साहेबांना हसू आलं. "बाई, कायदा चूल नाई पाहात. रेडिओ ज्या घरात आहे, तिथला पत्ता लायसनवर पाहिजे. पोस्टातून बदलवून घ्या, नाईतर रेडिओ जप्त होईल."

मास्तराच्या घरी जप्ती म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून ह्यांची झोप उडाली. माझं दुखणं निराळं होतं. हिंगणघाटचा पत्ता लिहिला की सरकारदरबारी आम्ही वेगळे निघालो! हे सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं? रेडिओवर चादर टाकून ठेवली. घर खायला उठलं. शेवटी हेच आंजीला गेले, आणि परत आले ते मामाजी, सासूबाई आणि लायसन घेऊन.

पाया पडता पडताच मला रडू फुटलं.

"काऊन रडून राह्यली व पोरी?" मामाजी म्हणाले.

"पत्ता बदलला की आपण वेगळे झालो ना!"

मामाजी पोट धरून हसले. "वेगळं निघायले आधी भांडा लागते! आपण भांडलो काय कधी?" आणि ह्यांना घेऊन ते पोस्टाकडे चालू लागले.

सासूबाई मात्र घरातच थांबल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, पाण्याचं भांडं झाकलं, मग मागच्या अंगणात जाऊन आंघोळ उरकली आणि आपलं लुगडं पिळून माझ्या वलनीवर वाळत घातलं. "चार दिवस राह्यतो मी," त्या म्हणाल्या. "माह्यंच त घर आहे."

इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी रेडिओ मी मुद्दाम मोठ्यानं लावला.

तेव्हा सुमन, खुशाल जा. पत्ता लिहायचा तो नागपूरचाच लिही. ज्या दिवशी तुझ्या वलनीवर सासूबाईंचं लुगडं वाळेल, त्या दिवसापासून तेही आपलंच घर.