शेवंताचं भरलेलं तोंड

गुलाबचाचा माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पाय बघत. मी लग्न होऊन बावड्यात आले, तेव्हा शेजारच्या दारात उभं राहून त्यांनी माझी चाल न्याहाळली आणि सासूबाईंना सांगितलं, "वैनी, माहेरचा खुराक चांगला दिसतोय. घोट्यात जोर हाय. ठेवून घ्या." सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मी कितीतरी दिवस पाय साडीत लपवून चालत होते.

चाचांचा धंदा वरातीच्या घोडीचा. पांढरी शेवंता. चाची लवकर गेल्या, मुलगी बारामतीला दिलेली. चाचा वारल्यावर शेवंताला तिनेच नेलं. तोवर त्या घरात ही दोघंच, आणि त्यांची भांडणं. सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "मी उठल्याबिगर खात न्हाईस? सासू झालीस व्हय माझी?" घोडी फुरफुरायची. "उलट बोलू नगं!"

खायला मात्र हात सैल. ऊसतोड सुरू झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हवे तेवढे मिळत. त्यावर पाटीभर गव्हाचा कोंडा, गूळ कालवून. कुणी म्हटलं, चाचा, थोडा लसूणघास घाला, तर म्हणत, "घास म्हशीला घालत्यात. ही काय दूध देती व्हय? कलावंत हाय ती."

एका वर्षी शेवंताचं तोंड भरू लागलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गाल वर आले. चाचांना कोण आनंद! येईल त्याला धरून आणत, "बघा, पाटलीणबाईगत तोंड झालंय. खाल्लेलं अंगी लागतंय." माझ्या मुलाचं, महेशचं, लग्न ठरायला आलं होतं, तरी मी त्यांना सूनबाईच. "बघ सूनबाई, न्हाईतर तू! गालाची पार खोबणी झालीया."

पुढे घोडी सारखे पाय बदलत उभी राहू लागली. चघळता चघळता थांबायची. चाचांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, दारात जुनी चप्पल टांगली आणि शेवटी संशय घेतला तो आमच्या म्हशीवर. "रोज हिच्या तोंडाकडं बघत रवंथ करती. तिचीच नजर लागलीया. तोंड तिकडं करून बांधा." शेजारधर्म म्हणून आम्ही म्हैस फिरवून बांधली.

म्हशीला तपासायला इंदापूरहून डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "ही भिंतीकडे पाठ करून का बांधलीय?" मी हळूच कारण सांगितलं. त्या खळखळून हसल्या, भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांचं हसू गेलं. तशाच पलीकडे जाऊन त्यांनी घोडीचा गाल दाबला.

"चाचा, हे तोंड भरलेलं नाही. हाड सुजलंय."

माझी शाळा चौथीपर्यंत, पण बाईंनी सांगितलं ते मला कळलं. रक्ताला चुना, म्हणजे त्यांचं ते कॅल्शियम, लागतोच. नुसता कोंडा आणि वाढं खाऊन तो मिळत नाही, मग रक्त तो हाडातून काढून घेतं. घरच्याच भिंतीच्या विटा काढून चूल मांडावी, तसं. वरून हाड फुगतं, आतून भुसभुशीत होतं. कोंडा बंद, वाढं बंद. घास, कडबा आणि त्या देतील ती भुकटी. "आणि मी सांगेपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही. घोडीचा मोडलेला पाय जुळत नाही."

चाचांनी कोंड्याची पाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी लाड करून मीच खाल्ली व्हय हिला?"

आमच्या बांधावर घास होता. मी रोज भारा कापून भिंतीवरून टाकू लागले. पहिल्या दिवशी पलीकडून आवाज आला, "म्या चाखून बघितला. बरा हाय. मीठ कमी हाय जरा."

घोडी सावरत होती, तोवर महेशचं लग्न आलं. तो रांगत होता तेव्हाच चाचांनी शब्द दिला होता, नवरदेव माझ्याच घोडीवर मिरवणार. आमचे मालक म्हणाले, "चाचा, मारुतीपासून मांडवापर्यंत तर जायचंय. चालतीया की आता." चाचा म्हणाले, "शब्द म्हंजी शब्द." त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे ते घोडीला सांगत होते, "येवढी येळ निभाव. जपून पाय टाक, बाई."

लग्नादिवशी शेवंता सजून देवळापुढे उभी. बँड वाजत होता. महेशने रिकिबीत पाय घातला आणि मी म्हणाले, "पाय काढ. चालत जायचं."

बँडसुद्धा थांबला. मालकांनी वळून बघितलं, बोललं कोण ते. "काय म्हणालीस?"

"घोडीवर बसायचं न्हाई. तिचा पाय आपल्या लग्नात मोडायला नको."

मालक काही बोलायच्या आत चाचा ओरडले, "ऐकलं का? वरमाईचा हुकूम हाय! मी तर द्यायला तयार होतो बाबा, पण वरमाईपुढं कुणाचं चालतंय?" त्यांनी खोगीर काढून महेशच्या मामाच्या खांद्यावर टाकलं. नवरदेव पुढे चालत, मागून मोकळी शेवंता. कुणी विचारलं तर चाचा म्हणत, "आज ती वऱ्हाडी हाय. वऱ्हाडी माणसाला वझं वाहायला लावत्यात व्हय?" पंगतीत तिला कुणी बुंदी दिली, तर त्यांनी ती स्वतः खाल्ली. "तिला पथ्य हाय."

पोळा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी घोडी पळवून बघितली, गाल दाबले आणि हलकं वजन चालेल म्हणाल्या. त्याच संध्याकाळी चाचा घोडी घेऊन आमच्या दारात.

"सूनबाई, बस."

"मी? चाचा, माणसं बघत्यात."

"बघू दे. बाईंनी हलकं वजन सांगितलंय. तुझ्याइतकं हलकं माणूस गावात न्हाई, एक पोराच्या लग्नात तेवढी जड झालीस. चढ!"

मालकांनी हसत ओट्यावरचा पाट पुढे सरकवला. मी डोळ्यांपर्यंत पदर ओढून बसले, दोन्ही हातांनी आयाळ धरली. चाचा लगाम धरून पुढे, तोंडानेच बँड वाजवत. पोरं मागे धावत होती. मी खाली बघत होते, फक्त शेवंताच्या पायांकडे. मारुतीपर्यंत गेली आणि परत आली, पण एकाही पायाने लंगडली नाही. दारात चाचा म्हणाले, "उतर आता." मी म्हणाले, "अजून एक फेरी."